वरच्या काकू आणि सुई

"ती पिशवी तेवढी बाहेर ठेव गं पोरी," असं म्हणून वरच्या काकू दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभ्या राहायच्या. पिशवी जिन्याच्या पायरीवर टेकली की हात खाली यायचे. मग चहा, पोहे, तव्यावरची गरम भाकरी, जे असेल ते पुढ्यात यायचं. कित्येक वर्षं पिशवी मात्र त्यांच्या उंबऱ्याच्या आत एकदाही गेली नाही.

पिशवीत काही भलतंसलतं नव्हतं. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. सकाळी स्कूटीवरून घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे आणि दुपारी कंपन्यांमधल्या कामगारांच्या वर्षाच्या तपासण्या करायच्या. पिशवीत सुया, नळ्या, कापूस, दंडाला बांधायचा पट्टा आणि बर्फाचा एक छोटा डबा असतो. काकूंचं वाकडं होतं ते फक्त सुयांशी. वाकडं म्हणणंही खरं नाही. त्यांना सुईची भीती वाटायची, आणि ती इतकी खरीखुरी होती की थट्टा करता करता मीच मध्ये गप्प व्हायचे.

पाथर्डी फाट्याजवळ आमची तीन मजली इमारत आहे. मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या, म्हणून वरच्या काकू. माहेर आणि सासर दोन्ही चांदवडच्या पुढच्या खेड्यांतलं, घरची कांद्याची शेती. काका अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. एकुलती एक लेक अश्विनी, लग्न होऊन पुण्याला, तिथंच नोकरीला. तीस वर्षं शहरात राहूनही काकूंनी गावाकडची बोली सोडली नव्हती. बदलायची गरजही त्यांना कधी वाटली नसावी.

अशी बाई तुमच्याही इमारतीत असेल. जिना चढताना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला वास घेऊन "तेल जळालं वाटतं" असं सांगणारी. आमच्या काकू नुसतं सांगून थांबायच्या नाहीत, त्या घरात शिरून गॅस बंद करायच्या. भजी तळून उरलेलं तेल पुन्हा वापरायचं नाही, हा त्यांचा हुकूम. फाट्यावरच्या गाड्यावर वडे घ्यायला गेल्या तर स्टीलचा डबा घेऊन जायच्या, कारण वर्तमानपत्राची शाई वड्याला लागते. गाडीवाला लांबूनच त्यांना बघून कागद बाजूला सारायचा. कुठल्या बाईनं मोबाइल ब्लाउजमध्ये खोचलेला दिसला, की चारचौघांत तिला म्हणायच्या, "काढ तो तिथून. तिथं काय त्याचं घर हाय?"

द्राक्षांचं तर विचारू नका. नाशिकमध्ये राहून द्राक्षं खायची नाहीत, हे त्यांनाही पटत नव्हतं. पण फवारणी त्यांनी शेतात डोळ्यांनी पाहिलेली. म्हणून द्राक्षं आधी मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात. एवढ्या आंघोळी झाल्यावर बिचारी मऊ पडायची, चवीला खारट लागायची. काकू वाटी पुढे करून म्हणायच्या, "खा आता. बिनघोर खा." आम्ही खायचो.

हे सगळं कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या आजाराचं नाव त्यांच्या घरात घ्यायची सोय नव्हती. त्या त्याला 'ते' म्हणायच्या. "त्यांच्या घरात ते झालंय." "तंबाखूनं ते होतं." मी एकदा सहज नाव उच्चारलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाव नको घेऊ. नाव घेतलं की ते वळून बघतं." हात थंडगार होता. मी हसले नाही.

काकांची तंबाखू त्यांनी कशी सोडवली, ते सांगायलाच हवं. चाळीस वर्षांची सवय. भांडून झालं, डबी लपवून झाली. मग एक दिवस काकांनी तंबाखू मळून ओठात धरली तशा काकू समोर खुर्ची ओढून बसल्या आणि एक शब्द न बोलता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. काका गॅलरीत गेले तर खुर्ची गॅलरीत. काका मला सांगायचे, "अगं, गिळावी का थुंकावी तेच कळंना. मयताला बसल्यासारखी बसायची." काही महिन्यांत काकांनी हात टेकले. लॅबच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाईंनी नवऱ्याचा जीव वाचवला असेल, कुणी सांगावं. तंबाखू सुटली, दोघं रोज सकाळी चालायला जाऊ लागली, ताटात भाजी वाढली. यात चुकीचं काहीच नव्हतं. गॅलरीत त्यांनी गव्हाचे तृणांकुर पेरलेले असायचे. त्याचा हिरवा रस त्या नाक दाबून प्यायच्या आणि मलाही पाजायच्या. त्याचा उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही. अपाय काही झाला नाही.

एकच गोष्ट त्या करायच्या नाहीत. तपासणी.

त्याचं कारण मला एका उन्हाळ्यात कळलं. गच्चीवर कुरडया घालायला मी त्यांच्या मदतीला गेले होते. गव्हाचा चीक ढवळता ढवळता त्या आपल्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला लागल्या. आई त्याच आजारानं गेली होती, पण तेव्हा काकू लहान होत्या. बहिणीचं मात्र सगळं त्यांनी पाहिलं होतं. बहिणीच्या छातीत गाठ होती. नाशिकला आणलं, डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासायला घेतलं, मग ऑपरेशन केलं. पुढचा कांदा निघायच्या आत बहीण गेली, मागे दोन मुली ठेवून.

"लोखंड लागलं आणि पसरलं," काकू म्हणाल्या. "सुई लावायला नको व्हती."

हे तुम्हीही ऐकलं असेल. लोखंड लागलं की ते पसरतं. आमच्याकडे खेडोपाडी हे मत म्हणून कुणी सांगत नाही, ठरलेली गोष्ट म्हणूनच सांगतात. मी त्यांना समजावलं. म्हटलं, काकू, सुईनं पसरत नाही. गाठ आधीच मोठी झाली असणार, आधीच पसरलेली असणार. डॉक्टरांकडे यायलाच उशीर झाला असणार.

त्या ढवळायच्या थांबल्या नाहीत. "मी तिथं व्हते ना पोरी. सुईच्या आदल्या दिवशी ताई चुलीपुढं भाकरी थापत व्हती. सुई लागली आणि ती उठलीच नाय."

त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यापुढे माझ्या पुस्तकी बोलण्याचं काही चाललं नाही. मी खाली मान घालून कुरडया घालत राहिले.

त्यानंतरच्या श्रावणात कॉलनीतल्या महिला मंडळानं बायकांसाठी तपासणी शिबिर ठेवलं. छातीची तपासणी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, सगळं फुकट. मी स्वतः घरोघर सांगत फिरले. शिबिराच्या दिवशी काकूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीकडे निरोप ठेवला होता की कांदे काढायला गावाला चालले आहे. श्रावणात कुठले आलेत कांदे काढायला? मला हसू आलं, आणि मग थोडं कसंनुसं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि मी पिशवी पायरीवर ठेवून चहाला आत गेले.

मग संक्रांतीला अश्विनी आली. येऊन तासाभरात ती खाली माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"ताई, मला छातीत गाठ लागतेय," ती म्हणाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली होती. बहुतेक साधी असेल म्हणाले, पण घरात आजी आणि मावशी त्यानंच गेलेल्या, म्हणून सुईची तपासणी करून घ्या. हे तिनं भोळेपणानं आईला फोनवर सांगितलं. तेव्हापासून काकू तिला उठता बसता फोन करत होत्या. एकच प्रश्न. "लावली नाहीस ना?"

"मग लावून का नाही घेतलीस?" मी विचारलं.

अश्विनी शिकलेली, मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं असलेली पोरगी. ती माझ्या दिवाणावर बसून ओढणीचं टोक पिळत होती. "मला माहितेय ताई, ते सगळं खोटं आहे. पण टेबलावर झोपायची वेळ आली की आईचा आवाज ऐकू येतो. आजी गेली, मावशी गेली. आई म्हणते तसं झालं तर?"

मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. ते असलं तर जाणारा एकेक आठवडा तिच्या आयुष्यातून वजा होणार होता. आणि नसलं, तर एका सुईनं ती मोकळी होणार होती. मी पिशवी घरीच ठेवली आणि वर गेले.

काकूंनी मला चहा विचारला नाही. मी बोलत राहिले, त्या तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "काकू, तपासलं नाही तर कळणार कसं?"

"कळल्यावर काय होतं ते मी बघितलंय."

"तिला काही झालं तर?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, म्हणजे रडणं आधीच होऊन गेलं होतं. "म्हणूनच म्हणतेय ना, हात लावू नका तिला," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काका गॅलरीतून माझ्याकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

अश्विनीनं रजा वाढवली. माय-लेकी एका घरात, आणि घरात भांड्यांशिवाय आवाज नाही. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी मी कामाला निघायच्या बेतात असताना काकू खाली आल्या. माझ्या घरात त्या कधी यायच्या नाहीत, कारण इथं कपाटभर सुया. त्या दिवाणाच्या अगदी कडेला बसल्या.

"तुझ्याकडं सुई हाय ना?"

"आहे काकू. पण ती रक्त काढायची. गाठीची सुई वेगळी असते, ती डॉक्टर लावतात."

"मग डॉक्टरला सांग. आधी मला लावायची. मला काय नाय झालं तर मग तिला."

मला खरंच हसू आलं. म्हटलं, "अहो, धडधाकट माणसाला कुठं लावणार? गाठ असावी लागते त्याला."

"हाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी माझा हात धरला आणि पदराखालून डाव्या छातीवर नेऊन दाबला. माझं कामच लोकांना हात लावण्याचं आहे. कुठल्याही माणसाची शीर मला चाचपडून सापडते. पण तिथं जे हाताला लागलं, ते लिंबाएवढं होतं, कडक होतं, आणि हलत नव्हतं.  हात काढून घ्यावासा वाटला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. दुखत नाय. मला वाटलं, खाणंपिणं सांभाळलं तर विरघळंल."

मग मला ते मिठाचं पाणी, तो हिरवा रस, ते पहाटेचं चालणं सगळं एकदम आठवलं. आम्ही हसत होतो तेव्हा ही बाई एकटी, कुणाला न सांगता, त्या गाठीशी झुंजत होती. काकांनाही माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला. आणि त्याच वेळी मी त्यांना जवळ घेऊन रडत होते.

त्याच दिवशी मी दोघींना घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले. तिथली डॉक्टर अश्विनीच्याच वयाची होती. काकूंनी तिला आपली योजना नीट समजावून सांगितली. आधी आपल्याला सुई लावायची, मग महिनाभर वाट बघायची. आपलं पसरलं नाही, तर लेकीला लावायची. मी मान खाली घालून बसले होते. वाटलं, आता ही बाई वैतागेल. ती वैतागली नाही.

"महिना नाही थांबता येणार, मावशी," ती म्हणाली. "पण आधी तुम्हालाच लावू. मग त्यांना. आजच."

काकूंनी लेकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तासभर तरी थांबा."

"तासभर थांबते," डॉक्टर म्हणाली, आणि शब्द पाळला.

तो तास मी विसरू शकत नाही. सुई लावून काकू बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. छातीला पट्टी. एकीकडे अश्विनी, दुसरीकडे मी. काकू मध्येच हात वर करून बघायच्या, काखेत चाचपायच्या, लांब श्वास घ्यायच्या. एकदा उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आल्या, पायात बळ आहे का ते बघायला. अश्विनी आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आणि मी? मला पक्कं ठाऊक होतं की तासाभरात काहीही होणार नाही. तरी मीसुद्धा त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. भीती लागायला वेळ लागत नाही.

नर्सनं अश्विनीचं नाव पुकारलं. काकूंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला उठवलं. "जा. काय होत नाय," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, पण आवाज नेहमीसारखा होता.

अश्विनीची गाठ साधी निघाली. अधूनमधून दाखवत राहायचं, एवढंच. काकूंचं ते होतं, आणि बाकीच्या तपासण्यांत ते हाडांपर्यंत गेलेलं दिसलं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट एकाच बैठकीत सांगितले. काकूंनी पहिला ऐकला आणि हात जोडले. दुसरा त्यांच्या कानात शिरला की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढं औषधं, सलाईन, केस जाणं, उलट्या. ज्या बाईनं सुई उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तिच्या हातावर टोचायला जागा उरली नाही. घरी रक्त घ्यायला मीच जायचे. पिशवी घेऊन सरळ त्यांच्या पलंगापाशी. पहिल्या दिवशी मी सवयीनं बाहेर थबकले, तर आतून म्हणाल्या, "ये की आता. आता काय राहिलंय तिला घाबरायचं?" काका हसले, मीही हसले, आणि मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

एक दिवस रक्त घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांग पोरी. सुईनं पसरलं का माझं?"

"नाही काकू. सुईच्या आधीच सगळीकडे गेलं होतं. डॉक्टरांनी फोटो दाखवले ना."

त्या पंख्याकडे बघत पडून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुईच्या आदल्या दिवशी मीबी भाकरी थापतच व्हते की." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे ताईचंबी तसंच असंल. तिनंबी कुणाला सांगितलं नसंल."

 त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. ते पाणी स्वतःसाठी होतं की बहिणीसाठी, कोण जाणे.

गावाकडची माणसं भेटायला यायची. पलंगाभोवती बसायची, चहा घ्यायची आणि उठताना कुणीतरी म्हणायचंच, "सुई लावायला नको व्हती." बहिणीच्या दोन्ही मुलीही आल्या होत्या, आता लेकुरवाळ्या झालेल्या. थोरली कविता मावशीचे पाय चेपत बसली होती. ते वाक्य ऐकून तिनं मान डोलावली. काकूंनी ती मान डोलावलेली बघितली, आणि त्यांच्या तोंडावर मला सुईच्या वेळीही दिसली नव्हती तेवढी भीती दिसली.

माणसं गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "मी गेले की सगळा गाव म्हणंल, सुई लावली आणि गेली. मग या पोरी कधीच दाखवायच्या नायत. आणि त्यांच्या पोरीबी नायत."

"तुम्ही सांगा ना त्यांना, काकू."

"सांगितलं. म्हणतात, मावशी आजारपणात बडबडतेय." त्यांना धाप लागली होती. "माझ्या दहाव्याला माइक असंल. तू बोल."

आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं होतात, हे तुम्हाला माहीत असेल. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, भावकीतले मोठे, एकामागून एक उठतात. बाई बोललेली मी तरी पाहिली नव्हती. "मी कोण तिथं बोलणारी? ना नात्याची, ना गावची," मी म्हटलं.

"तू सुईवाली. तूच बोल. मी लपवलं म्हणून सांग. नाव घेऊन सांग." आणि मग त्यांनी स्वतःच ते नाव घेतलं, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून. "कॅन्सर म्हणायचं. ते नाय म्हणायचं."

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला शहारे आले. मी हो म्हटलं.

चैत्रात काकू गेल्या. दहावा गावाला, नदीकाठच्या देवळापाशी झाला. मांडव टाकलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. काकांनी माझं नाव चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडे दिलं होतं. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझा नंबर शेवटी टाकला. भाषणं सुरू झाली. मनमिळाऊ होत्या, धार्मिक होत्या, कष्टाळू होत्या. सगळं खरंच होतं. माझ्या आधी भावकीतले एक आजोबा उठले. त्यांना खरोखर रडू येत होतं. रडत रडतच ते म्हणाले, "पोरगी चालती बोलती व्हती. सुई लावली आणि संपली." बायकांच्या बाजूनं उसासा आला. मग माझं नाव पुकारलं गेलं.

 माइक माझ्यासाठी उंच होता आणि तो कुणी खाली केला नाही.

"काकूंना कॅन्सर होता," मी म्हणाले. मांडवात चुळबुळ झाली. "सुई लावायच्या आधी दोन वर्षं त्यांच्या छातीत गाठ होती. त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तेव्हा दाखवली असती तर कदाचित आज हा मांडव पडला नसता. हे मी माझ्या मनानं बोलत नाही. काकूंनीच मला हे इथं सांगायला सांगितलंय. अश्विनीलाही त्याच दिवशी तीच सुई लावली. ती तुमच्यासमोर बसली आहे."

"बाई, आजच्या दिवशी हे बोलायचं का?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. निवेदकानं माइक आपल्याकडे ओढून घेतला आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. मी तिथंच उभी राहिले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि बघत नाहीयेत हे मला कळत होतं.

जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. अश्विनी पाहुण्यांना निरोप द्यायला उभी होती. मी भात कालवत बसले होते. कविता वरण वाढायला आली. ती माझ्यापुढे वाकली आणि वाढून झाल्यावरही वाकलेलीच राहिली.

"ताई, सोमवारी तुमची लॅब उघडी असती का?"

"असते. का गं?"

पळीतलं वरण पत्रावळीवर सांडलं. तिनं ते बघितलंही नाही. "दुखत नाय वो. म्हणून काय वाटलं नाय."

"कधीपासून?"

तिनं पुरुषांच्या पंगतीकडे एकदा बघून घेतलं. "कांदा लावला तव्हापासून."

कांदा अजून जमिनीतच होता. मी ताटावरून उठले. "सोमवार नको. आज आमच्याबरोबर नाशिकला चल. रात्री अश्विनीपाशी राहा, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ."

"आज? आज मावशीचा दहावा हाय. घरी काय सांगू?"

काका मागे कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. "तू जा. घरी काय सांगायचं ते मी बघतो," ते म्हणाले. तिच्या हातातलं वरणाचं भांडं त्यांनी काढून घेतलं आणि पुढची पंगत वाढायला लागले.

अश्विनी गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी, कविता मागे एकटी.  हायवेला लागल्यावर पुढे सरकून तिनं आमच्या दोघींच्या सीटच्या मधोमध तोंड आणलं.

"लय मोठी असती का वो ती सुई?"

मी उत्तर द्यायला वळले, पण अश्विनीनं आधीच आरशातून मागं बघितलं होतं. "मला लावलीय," ती म्हणाली. "बघ, गाडी चालवतेय मी."

कविता मागे टेकली नाही. नाशिक येईपर्यंत ती तशीच पुढे वाकून अश्विनीकडे बघत राहिली.